घरगुती ध्वनिमुद्रण कक्षातील संगणक आणि कार्यप्रणालीचे स्थलांतर : नाशिक परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजेच संगणकाच्या कार्यप्रणालीला, दिला जाणारा नियमित आधार थांबविला. २९ जुलै २०१५ रोजी वापरात आलेली ही प्रणाली दहा वर्षांच्या काळात कार्यालये, महाविद्यालये आणि घरे यांत पूर्णपणे रुळली होती. कार्यालयीन संगणकाच्या बाबतीत असा बदल बहुधा एखाद्या दिवसाच्या गैरसोयीवर निभावतो. पत्रे, तक्ते, छायाचित्रे नव्या प्रणालीत जशीच्या तशी उघडतात. ज्या संगणकावर संगीताचे ध्वनिमुद्रण व संयोजन होते, त्याची स्थिती मात्र वेगळी आहे. तेथे नवी प्रणाली सुरळीत चालू होते, पडदा नेहमीसारखा उजळतो, आणि तीन वर्षांपूर्वीचे गाणे उघडले असता त्यातील ढोलकी गायब झालेली असते.

प्रस्तुत लेखात हे असे का घडते याचे विवेचन केले आहे. हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. महाविद्यालयांच्या मराठी, लोकसाहित्य व संगीत विभागांनी संकलित केलेली बरीच ध्वनिमुद्रणे शहरातील अशाच घरगुती कक्षांमध्ये स्वच्छ केली जातात, संपादित होतात आणि कित्येकदा तेथेच पडून राहतात. त्यामुळे कक्षाच्या मालकाने संगणक बदलण्याचा निर्णय घेतला की त्याचे परिणाम प्राध्यापकांच्या संकलनावरही होतात, मग त्यांना त्याची कल्पना असो वा नसो.

नाशिक परिसरातील घरगुती कक्ष

वैयक्तिक संगणक आणि ध्वनी संगणकात नेणारे ऑडिओ इंटरफेस हे छोटे यंत्र सामान्य कलावंताच्या आवाक्यात आले, तेव्हा प्रत्येक गाण्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरण्याची गरज उरली नाही. राहत्या घरातील एक खोली, भिंतींना जाड पडदे किंवा फोम, एक मायक्रोफोन, दोन स्पीकर आणि एक संगणक एवढ्या सामग्रीवर ध्वनिमुद्रण कक्ष उभा राहू लागला. अशा कक्षाचा मालक बहुधा स्वतःच संयोजक, वादक, ध्वनिमुद्रक आणि संगणकाचा डॉक्टरही असतो.

नाशिक परिसरात या कक्षांना कामाची वाण पडत नाही, याचे कारण येथील यात्रा-उत्सवांचे वर्ष. पौष वद्य एकादशीची त्र्यंबकेश्वर येथील संत निवृत्तिनाथांची यात्रा, सप्तशृंग गडावरील चैत्रातील व नवरात्रातील गर्दी, श्रावणी सोमवार या प्रत्येक निमित्ताने भक्तिगीते तयार होतात. बागलाण, मालेगाव या भागांत आणि पुढे खानदेशात अहिराणी गीतांना मोठा श्रोतृवर्ग आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ हा सिंहस्थाच्या ध्वजारोहणाचा आणि २ ऑगस्ट २०२७ हा पहिल्या अमृतस्नानाचा दिवस म्हणून जाहीर झाल्यामुळे या काळातील भक्तिगीतांच्या मागणीचा वेगळा हिशेब धरावा लागतो. कार्यप्रणाली बदलण्याची कंपनीने ठरविलेली मुदत आणि कक्षांच्या कामाचा हंगाम हे दोन्ही असे एकमेकांवर येऊन पडले आहेत.

याहून मोलाचे काम मात्र बाजारासाठी होत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतील कोकणा समाजातील पावरीवादन, थाळीच्या साथीने सांगितल्या जाणाऱ्या कथा, जात्यावरच्या ओव्या, संबळाच्या साथीची गाणी यांचे ध्वनिमुद्रण अभ्यासक करतात. यातील काही सामग्री प्रथम कॅसेटवर घेतली गेली, पुढे संगणकात उतरविली गेली. गाणारी व्यक्ती वृद्ध असेल तर ते ध्वनिमुद्रण पुन्हा घेता येईलच असे नाही. भक्तिगीत बिघडले तर ते नव्याने गाऊन घेता येते, हे नाही.

ध्वनी आणि प्रोजेक्ट यांतील भेद

स्थलांतराचा प्रश्न समजून घेण्यासाठी संगणकात गाणे कोणत्या रूपात साठविलेले असते हे पाहणे आवश्यक आहे. सामान्य समजुतीप्रमाणे गाणे म्हणजे एक फाइल. वस्तुतः कक्षातील संगणकावर एकाच गाण्याची तीन निरनिराळ्या स्वभावांची अंगे असतात.

पहिले अंग म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी. गायकाचा आवाज, पेटी, तबला यांचे प्रत्येकी वेगळे ट्रॅक वेव्ह स्वरूपाच्या फाइलींत असतात. एका सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट या प्रमाणाने एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. पाच मिनिटांच्या चोवीस ट्रॅकच्या गाण्याला सुमारे १ गिगाबाइट पुरते. वेव्ह हे स्वरूप जुने, सोपे आणि सर्वत्र वाचले जाणारे आहे. कोणत्याही कंपनीची कोणतीही कार्यप्रणाली ते उघडते.

दुसरे अंग म्हणजे मिडी. यात ध्वनी नसतो; कोणती पट्टी, कोणत्या क्षणी, किती जोराने दाबली एवढ्याच सूचना असतात. त्यांची तुलना स्वरलिपीशी करता येईल. लिपी कितीही अचूक असली तरी वाद्य नसेल तर ती मुकीच राहते. येथे वाद्याचे काम प्लगइन करतात. संगणकातील ढोलकी, बासरी, संतूर, तानपुरा हे आवाज मुख्य सॉफ्टवेअरच्या आत बसविलेल्या अशा लहान आज्ञावलींतून येतात.

तिसरे अंग म्हणजे प्रोजेक्ट फाइल. कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो, कोणावर कोणता परिणाम लावला आहे, आवाजाची पातळी कोठे चढते-उतरते याची ती नोंदवही होय. ही फाइल आकाराने लहान असते, तथापि तिच्यात महिन्यांचे श्रम साठलेले असतात. शिवाय ती केवळ त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येते आणि ज्या प्लगइनांचा तिच्यात उल्लेख आहे ती सर्व जागेवर असतील तरच पूर्वीसारखे गाणे उभे करते.

कार्यप्रणाली बदलल्यावर पहिल्या अंगाला सहसा धक्का लागत नाही. नष्ट होते ते दुसऱ्या व तिसऱ्या अंगाचे जिवंतपण. दुर्दैवाने संगणक दुरुस्त करणारा ज्याला ‘डेटा सुरक्षित आहे’ असे म्हणतो, तो पहिल्या अंगापुरता असतो.

काय तुटते आणि का

सर्वांत आधी अडचण येते ती ड्रायव्हरची. ऑडिओ इंटरफेस आणि कार्यप्रणाली यांच्यातील संभाषण ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीतून चालते. विंडोजची नेहमीची ध्वनिव्यवस्था अनेक आज्ञावलींचे आवाज एकत्र मिसळून पुढे पाठविते. त्यात वेळ जातो. तो वाचविण्यासाठी जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली एसिओ ही पद्धत आणली, जिच्यात ध्वनी ही मधली व्यवस्था टाळून थेट यंत्राकडे जातो. मात्र हा ड्रायव्हर त्या त्या यंत्राच्या उत्पादकाने लिहावा लागतो. उत्पादकाने जुन्या यंत्रासाठी नव्या कार्यप्रणालीचा ड्रायव्हर लिहिला नाही, तर यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते. विंडोज ११ मध्ये प्रणालीच्या गाभ्याचे रक्षण करणारी मेमरी इंटेग्रिटी ही व्यवस्था आहे. ती चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर मुळात चढतच नाहीत. यूएसबीच्या सर्वसामान्य मानकानुसार चालणारे इंटरफेस मात्र बऱ्याच अंशी निभावून जातात, कारण २०१७ सालच्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्येच यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या मानकाचा अंगभूत ड्रायव्हर आला होता. जुने पीसीआय खाचेचे कार्ड वापरणाऱ्यांची अवस्था अधिक बिकट आहे. नव्या मदरबोर्डवर ती खाच सहसा नसते.

विलंबाचे गणित येथे लक्षात घेण्यासारखे आहे. संगणक ध्वनी थेंबाथेंबाने हाताळत नाही, तो बफर नावाच्या ओंजळी भरभरून पुढे नेतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना १२८ नमुन्यांची एक ओंजळ भरण्यास २.९ मिलिसेकंद लागतात. हवेत ध्वनी सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद या वेगाने जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापण्यास त्याला जवळजवळ एवढाच वेळ लागतो. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक अशा दोन ओंजळी धरल्या, तर हेडफोन लावून वाजविणाऱ्या तबलजीला स्वतःचा बोल दोन मीटरवरून आल्यासारखा ऐकू येईल. हे सहज चालते. पण योग्य ड्रायव्हर नसल्यामुळे ओंजळ १,०२४ नमुन्यांची करावी लागली, तर हाच विलंब ४६ मिलिसेकंदांवर, म्हणजे सुमारे सोळा मीटरवर जातो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेचा चौथा भाग ६२.५ मिलिसेकंदांचा असतो. अशा वेळी वादक लयीत असूनही स्वतःलाच बेलय वाटू लागतो आणि सावरण्याच्या प्रयत्नात खरोखर घसरतो. ‘नवीन संगणकावर वाजवताना मजा येत नाही’ या कलावंतांच्या तक्रारीमागे बहुधा हे गणित असते; ती मनाची समजूत म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे.

दुसरी अडचण ३२-बिट प्लगइनांची. विंडोज ११ ही प्रणाली केवळ ६४-बिट प्रोसेसरवर चालते. ३२-बिटच्या स्वतंत्र आज्ञावली ती आजही चालविते, परंतु ६४-बिट मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटात ३२-बिट प्लगइन थेट बसत नाही. त्यासाठी मधला पूल लागतो. क्यूबेस या बहुप्रचलित सॉफ्टवेअरने डिसेंबर २०१६ मधील नवव्या आवृत्तीपासून असा पूल काढून टाकला. ॲपलने तर ७ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेल्या कॅटालिना आवृत्तीत ३२-बिट आज्ञावली पूर्णपणे बंद केल्या, २०२० पासून स्वतःच्या बनावटीचे प्रोसेसर आणले, आणि २०२५ सालची टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती ठरविली. ॲपलच्या संगणकात हा प्रश्नच येत नाही, असा जो समज कलावंतांत आढळतो, त्याला यावरून फारसा आधार राहत नाही.

तिसरी अडचण परवान्याची असून ती सर्वांत कमी चर्चिली जाते. अनेक सॉफ्टवेअरांचा परवाना विशिष्ट संगणकाशी किंवा डोंगल नावाच्या यूएसबी किल्लीशी बांधलेला असतो. स्टाइनबर्गने आपल्या ई-लायसेन्सर पद्धतीची सेवा २० मे २०२५ रोजी बंद केली. क्यूबेसच्या बाराव्या आवृत्तीपासून परवान्याची नवी पद्धत आली असली, तरी त्यापूर्वीच्या आवृत्त्या जुन्या किल्लीवरच अवलंबून आहेत. किल्लीवर आधीच असलेला परवाना चालत राहतो. किल्ली मोडली वा हरवली तर मात्र तो परत मिळविण्याचा मार्ग उरलेला नाही. जेथे सॉफ्टवेअर विनापरवाना वापरलेले असते, तेथील प्रश्न आणखी कठीण. छोट्या कक्षांमध्ये अशा प्रतींचा सुळसुळाट आहे हे उघड गुपित होय. नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्या प्रतीचा उगम सांगता येत नाही ती नव्या प्रणालीवर पुन्हा बसविता येत नाही, आणि तिच्यावर उभारलेले प्रत्येक गाणे त्या एका संगणकाच्या आयुष्याला बांधले जाते.

नाशिकलाच या प्रकारच्या संक्रमणाचा एक जुना अनुभव आहे. दादासाहेब फाळके यांचे चित्रपटकार्य नाशिकशी निगडित होते; १९३१ साली बोलपट आला, आणि मूकपट म्हणून तयार झालेल्या ‘सेतुबंधन’ला पुढे आवाज जोडावा लागला. फाळके यांच्या बहुतेक मूकपटांची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. तेथे फिल्मच नष्ट झाली. संगणकीय ध्वनिमुद्रणात हानीची तऱ्हा उलटी आहे: फाइल डोळ्यांसमोर असते, तिचा आकारही दिसतो, फक्त ती उघडणारे काही उरत नाही.

स्थलांतरापूर्वीचे काम

यावरून स्थलांतराचा खरा भाग नवी प्रणाली बसविण्यात नसून जुनी प्रणाली चालू असताना करावयाच्या कामात आहे, हे ध्यानात येते. जोपर्यंत जुने प्लगइन वाजत आहेत, तोपर्यंतच त्यांचा आवाज पकडून ठेवता येतो. प्रत्येक महत्त्वाचे गाणे जुन्या संगणकावर उघडून त्यातील प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढावा. या फाइलींना स्टेम असे म्हणतात. सर्व स्टेम गाण्याच्या एकाच शून्य बिंदूपासून सुरू झाले पाहिजेत, मग एखाद्या ट्रॅकमध्ये पहिली दोन मिनिटे शांतता का असेना. हा नियम पाळला तर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते एकाखाली एक ठेवताच गाणे जुळते. न पाळल्यास लय जुळविण्यातच दिवस जातात. शक्यतो दोन संच करावेत, एक परिणाम लावलेला आणि एक कोरा. मिडीची फाइल वेगळी काढावी. लयीची नोंद तिच्यात दरवेळी आपोआप येतेच असे नाही.

स्टेम खरोखर बरोबर निघाले की नाही हे केवळ कानाने ठरविणे धोक्याचे आहे. त्यासाठी एक सोपी परीक्षा करता येते. जुन्या संगणकावरील गाण्याचे पूर्ण मिश्रण आणि सर्व स्टेमची बेरीज नव्या संगणकावर एकत्र ठेवून त्यांपैकी एकाची ध्रुवता उलटी करावी. दोन्ही तंतोतंत सारखी असतील तर एकमेकांना छेदून पूर्ण शांतता मिळते, आणि एखादा ट्रॅक राहून गेला असेल तर नेमका तोच ऐकू येतो. मात्र अंतिम मिश्रणावर काँप्रेसर लावलेला असेल, तर तो काढून मगच ही परीक्षा करावी लागते, कारण एकत्रित आवाजावरील त्याची क्रिया सुट्या आवाजांच्या बेरजेइतकी नसते. काही रिव्हर्ब दरवेळी किंचित वेगळे वाजतात, त्यांचा पुसटसा अवशेष उरणारच.

मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने आणखी एक धोका आहे, ज्याचा उल्लेख परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांत सापडणार नाही. २००० नंतरच्या दशकातील कित्येक नोंदी, म्हणजे गाणाऱ्याचे नाव, गाव, ओवीचे शब्द, ताल इत्यादी, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित झाल्या आहेत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर या नोंदी रोमन अक्षरांच्या निरर्थक जंजाळासारख्या दिसतात, आणि कचरा समजून पुसल्या जाण्याची शक्यता असते. आवाज वाचला पण कोणाचा ते कळेनासे झाले, तर लोकसाहित्याच्या अभ्यासात त्या ध्वनिमुद्रणाची किंमत निम्म्याहून कमी होते. अशा नोंदींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, मूळ प्रतीशी एकदा वाचून ताडून, ती साधी मजकूर-फाइल स्टेमच्याच फोल्डरमध्ये ठेवणे इष्ट.

यानंतर संपूर्ण डिस्कची प्रतिमा वेगळ्या डिस्कवर घ्यावी. नवी प्रणाली जुन्या डिस्कवर चढविण्यापेक्षा नव्या एसएसडीवर बसवून जुनी डिस्क जशीच्या तशी काढून ठेवणे केव्हाही श्रेयस्कर. डिस्कचा खर्च एका गाण्याच्या पुनर्ध्वनिमुद्रणाहून बहुधा कमीच असतो. विंडोज ११ मध्ये थेट बढती घेतल्यास पूर्वीच्या प्रणालीकडे परतण्यासाठी साधारण दहा दिवसांची मुभा असते, परंतु कक्षातील उणिवा दहा दिवसांत उघड होतातच असे नाही. एखादे जुने गाणे सहा महिन्यांनी उघडण्याची वेळ येते, आणि तेव्हा ढोलकी नसल्याचे कळते. बढती चालू असताना वीज जाणार नाही याची तजवीज हवी, हे नाशिक परिसरात वेगळे सांगण्याची गरज नाही.

जुना संगणक तसाच ठेवण्याचा पर्याय

प्रत्येकाने स्थलांतर केलेच पाहिजे असेही नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आवश्यक आहे. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. नियम वळसा घालून टाळण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. पण ज्या संगणकावर इतरांच्या ठेवी आहेत तेथे त्या वापरणे समर्थनीय नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-योजना जाहीर केली होती. तिने निर्णय पुढे ढकलला जातो, टळत नाही.

आधार संपणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. सुरक्षेतील नवी छिद्रे बुजविली जाणे थांबते, आणि ही छिद्रे मुख्यतः इंटरनेटच्या वाटेने धोक्यात आणतात. म्हणून जुना संगणक जोडणीपासून तोडून केवळ ध्वनिमुद्रणासाठी राखणे, आणि ईमेल, गाणी पाठविणे, पैशांचे व्यवहार दुसऱ्या संगणकावर नेणे हा मार्ग अनेक कक्षांना परवडणारा व पुरेसा आहे. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काही प्लगइन ठरावीक मुदतीने इंटरनेटवरून परवान्याची खातरजमा करतात, ते अशा संगणकावर बंद पडतील. दुसरे असे की पेन ड्राइव्हची ये-जा चालूच राहते, आणि विषाणू त्या वाटेनेही येतात. लिनक्सचाही पर्याय आहे व त्यावर चालणारी चांगली ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. परंतु भारतीय वाद्यांचे बहुतेक प्लगइन विंडोज व मॅकसाठीच बनलेले असल्याने भक्तिगीतांच्या संयोजकाला त्याचा उपयोग मर्यादित आहे. ओव्या व कथा यांचे साधे ध्वनिमुद्रण करणाऱ्या विभागाला मात्र तो अवश्य विचारात घेता येईल.

महाविद्यालयीन संकलनाच्या बाबतीत

महाविद्यालय जेव्हा बाहेरील कक्षाकडून ध्वनिमुद्रण किंवा संपादन करून घेते, तेव्हा हाती पडते ती बहुधा अंतिम एमपीथ्री फाइल. तिच्यात जागा वाचविण्यासाठी ध्वनीचा काही भाग कायमचा वगळलेला असतो, आणि ट्रॅकही सुटे राहिलेले नसतात. देयक अदा करण्यापूर्वीच मूळ असंपादित वेव्ह फाइल, स्टेमचा संच आणि युनिकोडमधील नोंद यांची मागणी लेखी कळवावी. काम ताजे असताना ध्वनिमुद्रकाला हे काढून देण्यास थोडाच वेळ लागतो, दोन वर्षांनंतर तेच अशक्य होऊ शकते. या सामग्रीची एक प्रत विभागात व दुसरी ग्रंथालयात, अशा दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावी आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून, काही फाइली प्रत्यक्ष ऐकून पाहाव्यात. ज्या विभागांची जुनी संकलने आजही एखाद्या कक्षातील विंडोज ७ किंवा विंडोज १० च्या संगणकावर प्रोजेक्ट रूपात आहेत, त्यांनी कक्षचालकाशी संपर्क साधून ती सिंहस्थाच्या कामाची गर्दी सुरू होण्याआधी उतरवून घेणे सोयीचे ठरेल. त्यातही ज्या गायिका-कथेकऱ्यांचे वय अधिक आहे, त्यांची ध्वनिमुद्रणे प्रथम घ्यावीत. स्टेममध्ये काही उणे निघाले तर विचारायला त्या आहेत.